धुरीवाचून माती: ढोबळी मिरचीच्या हरितगृहांतील सूत्रकृमींचा प्रश्न

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा, मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने, गुदामे आणि वजनकाटे यांच्या दाटीत, मधूनच पांढुरक्या प्लॅस्टिकची कमानदार छपरे दृष्टीस पडतात. परक्या प्रवाशास तीही गुदामेच वाटावीत. वस्तुतः ती हरितगृहे आहेत, आणि त्यांचा इतिहास या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाशी फार जवळून निगडित आहे. बजाजचा कारखाना चाकणला १९९९ साली उभा राहिला, फोक्सवॅगनचा २००९ साली सुरू झाला. दरम्यान औद्योगिक विकास महामंडळाने टप्प्याटप्प्याने जमिनी संपादिल्या, मोबदल्याच्या रकमा खात्यांवर जमा झाल्या, सातबाऱ्यावरील क्षेत्र आक्रसत गेले, आणि ज्या कास्तकारांपाशी दहा-वीस गुंठे शिल्लक राहिले त्यांतील काहींनी, फलोत्पादन अभियानाचे निम्मे अनुदान आणि उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज अशी तजवीज करून, त्या तुकड्यावर पॉलिहाऊस उभारले. तळेगाव दाभाड्यात राज्य कृषी पणन मंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. तेथे हरितगृहाचे पाठ घेतलेले शेतकरी महाराष्ट्राच्या सर्व भागांत भेटतात. गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही फुले आणि लाल-पिवळी ढोबळी मिरची ही या छपरांखालची मुख्य पिके. आणि यांपैकी मिरचीच्या मुळांत जो एक शत्रू ठाण मांडून बसतो, त्यास विषारी धुरीवाचून कसे आवरावे, हा या लेखाचा विषय आहे.

शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी. शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘निमॅटोड’. इंग्लंडमधील एका काचगृहात काकडीच्या मुळांवर अशा गाठी पाहून माइल्स बर्कली या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५५ साली त्यांची पहिली नोंद केली, म्हणजे या रोगाची शास्त्रीय ओळखच मुळी काचेच्या छपराखाली झाली. हिंदुस्थानात बार्बर यांनी १९०१ साली दक्षिणेतील देवाला येथील चहाच्या मळ्यात तो नोंदविला. आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा या जातीची पिल्ले जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असतात. ती मातीतील पाण्याच्या पापुद्र्यातून सरकत मुळाच्या टोकाशी येतात, आत शिरतात, आणि तेथील काही पेशींना असे बिघडवितात की त्या अवाढव्य फुगून कृमीच्या पोषणार्थ राबू लागतात. मादी एकदा स्थिरावली की पुन्हा हलत नाही. तिचा देह फुगत जाऊन नासपतीच्या आकाराचा होतो, नराची तिला गरज पडत नाही, आणि मुळाच्या पृष्ठभागावर चिकट आवरणात ती तीनशे ते पाचशे, प्रसंगी त्याहूनही अधिक, अंडी घालते. सत्तावीस-अठ्ठावीस अंश उष्णतामानात हे सारे चक्र महिन्याच्या आत पुरे होते. आणि पॉलिहाऊसमधील ढोबळी नऊ-दहा महिने उभी असते. किती पिढ्या झाल्या याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा.

या किडीची पहिली खोडी अशी की तिचा संशयच येत नाही. टोमॅटो किंवा काकडीच्या मुळावर बोराएवढ्या गाठी येतात व त्या आंधळ्यासही हाताला लागाव्यात. ढोबळीच्या मुळावरील गाठी मात्र बारीक, मण्यांसारख्या, पांढऱ्या मुळीवर जेमतेम जाडी वाढल्यासारख्या असतात. दुपारी झाड माना टाकते, सायंकाळी सावरते. शेंड्याची पाने फिकी पडतात, फळ लहान राहते. मालक पाणी वाढवितो, मग लोह-जस्ताची खते सोडतो, मग ‘मर’ म्हणून बुरशीनाशक. आणि त्यालाही दाद न मिळाली तर जीवाणूंच्या शंकेने स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पाण्यात मिसळून मोकळा होतो. सल्ला देणारा बांधावर आला की पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब, ठिबकमधून सोडायचं काय ते सांगा.” खरे पाहता प्रथम एक झाड खुरप्याने मुळांसकट, मातीच्या ढेकळासह उकरून काढावे, बादलीतल्या पाण्यात ढेकूळ अलगद विरघळू द्यावे, धसमुसळेपणा न करता मुळी धुवावी व उजेडाकडे धरून पाहावी. बारीक मुळ्यांवर तपकिरी ठिपके दिसले, आणि मुळी त्या जागी आतून जाड झालेली असली, गाठ नुसती बाजूला चिकटलेली नसली, तर निदान पुरे झाले. द्विदल पिकांच्या मुळांवरील नत्राच्या गाठी नखाने सुटून येतात, या सुटत नाहीत. ज्यास अधिक खातरजमा हवी त्याने बेडमधील आठ-दहा ठिकाणची ओली माती एकत्र करून कुंड्यांत भरावी व तीत काकडीची रोपे लावावीत. पाच-सहा आठवड्यांनी त्या रोपांची मुळे कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याइतका स्पष्ट जबाब देतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर संशोधन चालते आणि मातीतील कृमींची मोजदादही होते. पण कुंडीतील काकडीची चाचणी कोणासही घरी करता येते, आणि तरीही ती क्वचितच कोणी करतो, हे सांगितलेले बरे.

आता या पट्ट्यातील एक विशेष. चाकण-खेडकडील काळी, चिकण माती पॉलिहाऊसच्या बेडला मानवत नाही. तिच्यात पाणी साचते. सबब मावळ-मुळशीच्या डोंगरउतारावरील तांबडी माती डंपरने आणवावयाची, तीत शेणखत आणि भाताचे तूस मिसळावयाचे, आणि गुडघ्याच्या आत-बाहेर उंचीचे गादीवाफे उभारावयाचे, ही येथील वहिवाट. माती निचऱ्याची, भुसभुशीत, उबदार; ढोबळीच्या मुळांना जे जे प्रिय ते ते सूत्रकृमींनाही तितकेच प्रिय. शिवाय उघड्या शेतात पावसाळ्याची दलदल, उन्हाळ्यातील कोरडी नांगरट, पिकांची अदलाबदल या तिन्ही गोष्टी कृमींची संख्या आपोआप खाली ठेवतात; छपराखाली त्यांतील एकही घडत नाही. ओल सदाची, उष्णतामान बेताचे, आणि ढोबळीमागून काकडी, काकडीमागून टोमॅटो, नाहीतर जरबेऱ्याच्या जुन्या बेडवरच नवी ढोबळी. ही सर्व पिके कृमींच्या आवडीची. पॉलिहाऊस बांधून पहिली दोन वर्षे पीक डोळे दिपविणारे येते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘जमीन थकली’ अशी तक्रार सुरू होते, तिचे इंगित बहुधा येथे असते.

धुरीचा मोह कोठून आला, हे यावरून कळते. मातीत विषारी वायू सोडावयाचा, वर प्लॅस्टिक अंथरावयाचे, दोन-तीन आठवड्यांत जमीन मोकळी. अशी ती सोय होती. डीबीसीपी नावाचे रसायन अमेरिकेत दोन दशके याच कामी सर्रास वापरले गेले, आणि १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात ते हाताळणारे कामगार पुरुष वंध्य झाल्याचे उघड झाले तेव्हा त्याची गच्छंती झाली. मिथिल ब्रोमाइड हे धुरीतील सर्वांत नामांकित द्रव्य. पण ते ओझोनच्या थरास घातक म्हणून १९९२ साली माँट्रियल कराराच्या कक्षेत आले, आणि शेतीतील त्याच्या नेहमीच्या वापरास विकसित देशांत २००५ ची, विकसनशील देशांत २०१५ ची मुदत पडली. आपल्याकडे ते शेतकऱ्याच्या हाती खुलेपणाने कधीच नव्हते. येथल्या पॉलिहाऊसमध्ये चालते ते फॉर्मॅलिन: झारीने बेडवर शिंपडून प्लॅस्टिकखाली झाकलेले, डोळ्यांतून पाणी काढणारे, स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली; आणि बंद छपराखाली ते शिंपडणारा मजूर नाकावर बहुधा रुमालच बांधून असतो. फोरेटच्या दाण्यांवर २०२० च्या अखेरीपासून देशात मनाई आहे. म्हणजे कायदाही त्या दिशेने चालला आहे.

परंतु कायदा बाजूस ठेवला तरी धुरीविरुद्धचा खरा पुरावा मातीतच आहे. वायू कृमी मारतो आणि त्यांचे वैरीही मारतो; जी अंडी जाड मुळीच्या आत किंवा दीड-दोन फुटांखाली असतात ती वाचतात, आणि नव्या पिकाची मुळे खाली उतरली की रिकाम्या झालेल्या मुलखात त्यांस कोणी हटकणारा उरत नाही. म्हणून धुरी दिलेल्या जमिनीस ती पुनःपुन्हा द्यावी लागते. असे असूनही जगभरचे बागायतदार तिला का चिकटून राहिले? माझ्या मते धुरीने त्यांस आरोग्य कधीच विकले नाही, तिने वेळ विकला. जे पर्याय आता पाहावयाचे आहेत त्यांतील बहुतेक गुणकारी आहेत, बरेच स्वस्त आहेत, आणि त्यांतील जे खरे वजनदार आहेत ते एकाच गोष्टीची मागणी करतात: जमीन काही आठवडे रिकामी ठेवा. ज्या पट्ट्यात गुंठ्याचा भाव कारखान्याच्या भाड्याशी तोलला जातो आणि बँकेचा हप्ता दरमहा दाराशी येतो, तेथे ही मागणी सर्वांत महाग आहे. उपायांची तुलना करताना पेंडीच्या पोत्याचा भाव सांगून हा भाव न सांगणे म्हणजे अर्धी कैफियत मांडणे होय.

पर्यायांत अग्रमान सूर्यतापनाचा. इस्रायलमधील याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ही रीत प्रसिद्ध केली: जमीन ओलवून तीवर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरावे आणि कडक उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे. काळे स्वतः तापते, माती तितकी तापवीत नाही. माती ओलीच हवी, कारण ओलीतून उष्णता खाली उतरते आणि ओल्या अंड्यातील जीव जागा असल्याने लवकर मरतो. येथे अंशाअंशाचे महत्त्व किती आहे हे फ्लोरिडातील एका अभ्यासाने फार उत्तम दाखविले आहे: इन्कॉग्निटाची अंडी पूर्णपणे निकामी होण्यास ३८ अंशांवर सुमारे ३९० तास लागतात, ४० अंशांवर सुमारे ३३ तास, आणि ४२ अंशांवर केवळ १३. म्हणजे चार अंशांच्या तफावतीत सोळा दिवसांचे काम एका दिवसात उरकते. हे तास सलग असण्याची गरज नाही. रोज दुपारचे चार-पाच तास जमत गेले तरी बेरीज होते.

हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे पॉलिहाऊसवाल्याचे दैव किती बलवत्तर आहे हे उमगते, कारण छताचे प्लॅस्टिक आणि बेडवरचे प्लॅस्टिक अशी दुहेरी कोंडी त्याच्यापाशी आयती आहे. बाजूचे पडदे उतरवून हवा अडविली की बेडच्या वरच्या थरात उघड्या शेतापेक्षा कितीतरी अधिक उष्णता साठते. मात्र या पट्ट्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे छतावरील धूळ. चाकणच्या रस्त्यांवरून अहोरात्र धावणाऱ्या ट्रेलरांनी उडविलेला फुफाटा छताच्या कागदावर साचून राहतो आणि ऊन तेवढेच कमी होते. तापन आरंभण्यापूर्वी छत धुवावे आणि उन्हाळ्यासाठी ताणलेली सावलीची जाळी गुंडाळून ठेवावी, हे सांगावे लागते, कारण पीक नाही म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. दुसरी म्हणजे मुदत. तळेगाव-मावळाची हवा पुण्यापेक्षा थंड, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाचे ढग जमू लागले की दिवसचे दिवस वाया जातात; तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात प्लॅस्टिक अंथरलेच पाहिजे. आणि तिसरी, बेडच्या कडा. गादीवाफ्याचा माथा तापतो, पण उतरत्या बाजू आणि मधल्या वाटा थंड राहतात, आणि पुढील हंगामात लागण नेमकी कडेच्या झाडांपासून सुरू होते. म्हणून प्लॅस्टिक वाटांसकट, भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरावे आणि जोड मातीने दाबावेत.

अडचण अशी की याच एप्रिल-मे महिन्यांत ढोबळीस भाव असतो. जून-जुलैत लावलेले पीक मार्चअखेर उतरणीस लागलेले असते, फळाचा आकार घटलेला असतो, तरीही आणखी दोन तोडे मिळतील या आशेने मालक झाडे उभी ठेवतो. आणि शेवटच्या दोन महिन्यांतील त्या मरतुकड्या मुळांवर कृमींची जी पैदास होते, तिची वसुली पुढील वर्षाच्या पिकाकडून होते. मी ज्या पॉलिहाऊसवाल्यांशी बोललो त्यांतील एका शहाण्या गृहस्थाने यावर तोड काढली आहे: दरवर्षी अर्धेच शेड मार्चअखेर मोकळे करावयाचे, उरलेल्या अर्ध्यात मेअखेरपर्यंत पीक चालवावयाचे, आणि पुढील वर्षी पाळी बदलावयाची. शास्त्रीयदृष्ट्या ही तडजोड अपुरी आहे, कारण त्याच शेडमधील पायांना आणि खुरप्यांना हद्द ठाऊक नसते. पण हप्ता भरावयाचा असलेल्या माणसाने काही न करण्यापेक्षा ती शतपटीने चांगली.

सूर्यतापनात सेंद्रिय द्रव्याची भर घातली की त्याचे बळ वाढते, आणि येथे ढोबळीच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण स्पेनचे आहे. तेथील मुर्सिया प्रांतात कार्ताहेनाच्या सखल मैदानावर हजारो एकर हरितगृहांत वर्षानुवर्षे केवळ ढोबळीच पिकते. मिथिल ब्रोमाइड हातचे गेल्यावर तेथील बागायतदारांनी ताजे मेंढीचे व कोंबडीचे खत मातीत गाडून, पाणी देऊन, उन्हाळ्यात वर प्लॅस्टिक अंथरण्याची रीत अंगीकारली. खत कुजताना निघणारा अमोनिया व इतर वायू, त्यावर उष्णता, असा दुहेरी मारा. पहिल्या वर्षी खताची मात्रा मोठी लागते, पुढे ती कमी करता येते. आणि पाठोपाठ काही वर्षे केल्यावर मातीचा पोतही सुधारतो, जे धुरीने कधी झाले नाही. मोहरीची पेंड किंवा मोहरीवर्गीय पिकांचा पाला गाडला तर त्यातून निघणारे तिखट द्रव्य मेटाम सोडियम या प्रसिद्ध धुरीरसायनातून निघणाऱ्या वायूच्या कुळातलेच असते. निसर्गाची ती सौम्य धुरी म्हणावी. कोबी-फुलकोबीचा बाजारात टाकून दिला जाणारा पाला या कामी वापरता येतो, पण तो ताजा, बारीक चिरलेला आणि लगेच झाकलेला हवा. चार दिवस उकिरड्यावर पडलेला पाला हा केवळ पाला होय.

याच घराण्यातील दुसरी रीत जपानात रूढ झाली, आणि मला ती या पट्ट्यासाठी सर्वांत आशादायक वाटते. मातीत दर चौरस मीटरला एक किलोच्या आसपास गव्हाचा किंवा भाताचा कोंडा मिसळावयाचा, मग ठिबकने माती तुडुंब भिजवावयाची, आणि प्लॅस्टिकने हवाबंद करावयाची. कोंड्यावर तुटून पडलेले जीवाणू मातीतील प्राणवायू संपवितात, आणि त्यानंतरच्या कुजण्यातून निघणारी आम्ले कृमींस मारतात. यास सूर्यतापनाइतके रणरणते ऊन लागत नाही, माती तीस अंशांच्या वर राहिली तरी पुरते, आणि मुदत तीन आठवड्यांवर भागते. मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ आज पुण्याच्या घराघरांत शिजतो, आणि त्याचा कोंडा गिरण्यांतून बहुधा पशुखाद्याकडे किंवा तेलाकडे जातो. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला साधारण टनभर कोंडा लागेल. एवढा माल पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत मिळण्याजोगा असताना या रीतीची मोठ्या प्रमाणावर परीक्षा घेण्यास याहून सोयीचा तालुका कोणता असेल? वास मात्र येतो, आणि शेजारी सदनिका उभ्या राहिल्या असतील तर त्या वासाची फिर्यादही येईल.

पेंडी आणि जैविक बुरशी यांचा बोलबाला मोठा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम (जुन्या पुड्यांवर पॅसिलोमायसिस) ही बुरशी कृमींच्या अंड्यांत शिरते. पोकोनिया क्लॅमिडोस्पोरियाही तेच करते. ट्रायकोडर्मा व स्यूडोमोनास मुळांभोवती पहारा देतात. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने या जीवांची निंबोळी पेंडीशी व शेणखताशी सांगड घालण्याची रीत रुजविली: टनभर कुजलेल्या शेणखतात पेंड व या संवर्धकांचे दोन-दोन किलो मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत झाकून पंधरा दिवस वाढू द्यावे, आणि मग बेडमध्ये घालावे. नुसती पुडी ठिबकमधून सोडण्यापेक्षा ही रीत किती सरस आहे हे वेगळे सांगणे नलगे. उपाशी सैन्य परमुलखात धाडण्यात अर्थ नसतो. परंतु फॉर्मॅलिनने निर्जीव केलेल्या आणि दर पंधरवड्यास बुरशीनाशकाचे ड्रेंचिंग चालणाऱ्या बेडवर हजारोंची जैविके ओतून ‘काही फरक नाही’ म्हणणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि तसली जैविके त्याच पावतीवर विकणारे दुकानदारही. शिवाय या जीवांचे काम संख्या खाली ठेवण्याचे. फुललेल्या उपद्रवास ते आटोक्यात आणीत नाहीत.

मातीतील जीवांकडून औषध मिळविण्याची विद्या या पट्ट्यास परकी नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९५४ साली पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीव चाळून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले, आणि ज्या जीवापासून ते मिळाले त्यास स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे गावाचेच नाव दिले. पिकांसाठीचे ऑरिओफंजिनही तेथलेच. याच स्ट्रेप्टोमायसिस कुळातील एका जपानी जीवापासून ॲव्हरमेक्टिन मिळाले, ज्याबद्दल सातोशी ओमुरा २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले, आणि त्याचेच भावंड ॲबामेक्टिन आज सूत्रकृमींविरुद्ध वापरले जाते. ते मातीकणांस घट्ट चिकटते, सबब फारसे खोल जात नाही. कोवळ्या रोपास पहिले काही आठवडे सांभाळण्यापुरते ते कामाचे.

झेंडूविषयी दोन शब्द. त्याच्या मुळांतील द्रव्य कृमींस मारते हे खरे, परंतु ते जिवंत, वाढत्या मुळांत आणि मुळाजवळच मारते. म्हणून सबंध जागेवर दाट झेंडू दोन-अडीच महिने उभा असेल तर उपयोग, बांधावर चार रोपे लावणे ही पूजा झाली. शिवाय सर्व जाती सारख्या नाहीत. दसऱ्याच्या बाजारातील गेंदेदार झेंडूपेक्षा ठेंगणा, मखमली झेंडू या कामात अधिक भरवशाचा मानला जातो. तागाची गोष्ट अधिक सोपी: आपल्या आजोबांना ठाऊक असलेले हे हिरवळीचे खत इन्कॉग्निटास थारा देत नाही, आणि ज्यास पावसाळ्यापूर्वी तापन साधले नाही त्याने निदान सहा-सात आठवडे ताग घेऊन गाडावा. वाफेने माती शिजविणे हा हॉलंडच्या काचगृहांतील जुना व अचूक उपाय. सत्तर अंशांवर अर्धा तास पुरतो. बाष्पकांना पिंपरी-चिंचवडमध्ये तोटा नाही, परंतु शेतावर वाफ नेणे आणि तिचे इंधन पुरविणे हे रोपवाटिकेच्या मातीपलीकडे परवडत नाही. कोकोपीटच्या पिशव्यांत ढोबळी लावून मातीचाच निरोप घेणे हाही एक मार्ग. भांडवल मोठे, खत-पाण्याची शिस्त लष्करी, आणि एखादे लागट रोप आत आलेच तर पिशवीही सुरक्षित नाही.

आता वाणांकडे. ढोबळीत या कृमींस प्रतिकार करणारी जनुके आहेत, ही तिची टोमॅटो-काकडीपेक्षा उजवी बाजू. काकडीत तसे काहीच हाती नाही, आणि टोमॅटोतील मि जनुक माती अठ्ठावीस अंशांच्या वर तापली की शिथिल पडते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या चार्ल्सटन येथील संशोधकांनी मिरचीतील ‘एन’ जनुक ढोबळीत उतरवून १९९७ साली ‘चार्ल्सटन बेल’ व ‘कॅरोलायना वंडर’ हे वाण मुक्त केले. उष्णतेने या जनुकाचा जोर थोडा उतरतो, पण टोमॅटोसारखा कोसळत नाही. फ्रान्समध्ये ‘एमई’ मालिकेतील जनुकांवर दीर्घकाळ काम झाले आहे. आपल्या पॉलिहाऊसमध्ये लागणारे रंगीत संकर मात्र फळाचा आकार, भिंतीची जाडी आणि टिकाऊपणा पाहून निवडले जातात. त्यांच्या मुळांची विचारपूस कोणी करीत नाही. यावर तोड म्हणजे कलम: प्रतिकारक मिरचीच्या खुंटावर हव्या त्या संकराचा शेंडा. खुंट मिरचीचाच पाहिजे. वांगे किंवा टोमॅटोचा तिला मानवत नाही. छत्तीसगडातील रोपवाटिकांनी वांग्या-टोमॅटोची कलमे महाराष्ट्रापर्यंत पोचविली आहेत, तेव्हा ही विद्या देशात नवी नाही. ढोबळीपुरते तिचे मोल रोपाच्या वाढलेल्या किमतीवर अडते. स्पेनचा अनुभव येथेही इशारा देतो: एकाच प्रतिकारक खुंटावर तीच जमीन लागोपाठ वापरली तेव्हा दोन-तीन हंगामांतच त्यास न जुमानणाऱ्या कृमी निपजल्या, आणि खुंट व तापन यांची जोडी करावी लागली. त्यातच तमिळनाडूत पेरूच्या बागा पोखरणारी एंटरोलोबी ही जात तर या जनुकांपैकी बहुतेकांस भीक घालीत नाही, आणि ती प्रवास करते रोपांच्या पिशव्यांतून.

येथे आपण पुन्हा डंपरच्या मातीपाशी येतो, कारण सर्व उपायांत स्वस्त उपाय शत्रूस वेशीवरच अडविण्याचा आहे आणि त्याची हेळसांड सर्वांत अधिक आहे. मावळच्या डोंगरावरील पड जमिनीची तांबडी माती बहुधा निर्धोक असते. परंतु मागणी वाढली तशी भाजीपाल्याच्या जुन्या रानांतून, बांधांवरून, एवढेच काय पण मोडलेल्या पॉलिहाऊसच्या बेडमधूनही माती खरवडून विकली जाते, आणि ती रंगाने तांबडीच असते. व्यवहार ब्रासच्या भावाने तोंडी होतो. माती कोणत्या गटातून उचलली आणि तेथे मागे काय पीक होते हे पावतीवर लिहून घेण्याचा रिवाज नाही. तो पाडावा. ढीग टाकण्यापूर्वी मूळ जागेची माती कुंड्यांत भरून काकडीची चाचणी घ्यावी, आणि मुदत नसेल तर ढीग पॉलिहाऊसच्या बाहेरच, फूटभर थराने पसरून उन्हाळ्यात प्लॅस्टिकखाली तापवून मगच आत घ्यावा. बेड बांधल्यावर जे काम निम्म्या खोलीपर्यंत पोचत नाही ते येथे आरपार होते. पीक काढताना झाडे हाताने उपटू नयेत, कारण बारीक मुळ्या, म्हणजे नेमकी अंडी, मागे राहतात. कुदळीने मुळे उकरून, शेडबाहेर नेऊन वाळवून जाळावीत. या कामास येणाऱ्या बायकांना एका शेडमधून दुसऱ्यात जाताना खुरपी धुवायला सांगितली तर पहिल्यांदा हसू होते; “दादा, मातीत जायचंय अन् खुरपं धुवायचं?” असे एक काकू म्हणाल्या. त्यांस गाठीचे मूळ हातात देऊन दाखविले, तेव्हापासून त्या शेडच्या दाराशी पाण्याची बादली आणि तारेचा ब्रश ठेवलेला असतो, आणि आळीपाळीने खुरपी धुतली जातात की नाही यावर देखरेख त्याच काकूंची आहे.